कानतुटीचं पाणी

सोमवार, ४ मे

आज कचेरीत आम्हा पाचही राखणदारांना एकेक फोन मिळाला. मेकूपीने दोन तास समजावून सांगितलं. मेकूपी म्हणजे आमच्या राखीव रानाच्या कचेरीची नवी प्रमुख. राजधानीत, विंडहुकला शिकून आलेली, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी. सकाळी निघताना 'सुरू' दाबायचं, परतल्यावर 'थांब'. मधल्या वेळात मी जाईन तिथे नकाशावर माझ्यामागे रेघ उमटणार. फोटो काढला की त्याच्याखाली एका पट्टीत तारीख, वेळ आणि जागेचे आकडे आपोआप छापून येणार.

मी विचारलं, "जागेला नाव असताना आकडे कशाला?"

"काका, ओमुवापू नावाचे झरे आपल्या रानात तीन आहेत. तुम्ही कुठला म्हणताय ते मला कसं कळणार?"

"मला विचारायचं."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

पोरीने मला जिवंतपणीच पुरलं. सगळे हसले, रिकांबुरा सगळ्यात मोठ्याने. त्याला या कामात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली आहेत.

शेवटी ती म्हणाली, "दोन गोष्टी लक्षात ठेवा. गेंड्यांचे फोटो बाहेर कुणाला दाखवायचे नाहीत. आणि फोन खोटं बोलत नाही." पहिलीबद्दल मी म्हटलं, बाहेरच्यांना मी माझ्या शेळ्यासुद्धा दाखवत नाही. दुसरीबद्दल गप्प बसलो, पण अर्थ कळला. फोन खोटं बोलत नाही म्हणजे कोण बोलतं? बावीस वर्षं मी कचेरीच्या पिवळ्या वहीत दिसेल त्या जनावरासमोर खूण करत आलो, तेव्हा कुणाला शंका आली नव्हती.

म्हणून आजपासून ही माझी स्वतःची वही. मी कुठे गेलो, काय केलं, कुणाशी काय बोललो, सगळं खरं खरं लिहीन. उद्या फोन काही भलतंच सांगायला लागला तर पुरावा असावा.

बुधवार, ६ मे

पहाटेपासून एकोणीस किलोमीटर चाललो असेन. धूळ लागू नये म्हणून फोन तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत नीट ठेवला होता. संध्याकाळी मेकूपीने रेघ काढली तर एक टिंब.

"काका, आज घरीच होतात?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिने डबी पाहिली आणि हसू दाबत म्हणाली, "याला आकाश दिसावं लागतं." पुढे हेही सांगितलं की फोन उघडून लगेच फोटो काढला तर त्यावर जुनीच जागा छापली जाते, जरा थांबावं लागतं. म्हणूनच काल मी काढलेला झेब्रा नकाशावर माझ्या शेळ्यांच्या कुंपणात उभा होता. रिकांबुराने विचारलं, "काका, दूध किती देतो?"

फोन खोटं बोलत नाही म्हणे.

सोमवार, ११ मे

आजचा दिवस मोठा. ओमुवापूच्या झऱ्यावर, तिन्हींपैकी पूर्वेकडच्या, उजाडता उजाडता कानतुटी दिसली. आणि तिच्यामागे पिल्लू. आमच्या रानात पाच वर्षांत जन्मलेलं हे पहिलंच गेंड्याचं पिल्लू. डाव्या कानाचा शेंडा तुटलेला म्हणून ती कानतुटी. हे नाव मीच दिलेलं, ती स्वतः पिल्लू होती तेव्हा. शेराच्या झुडपाआड मी पोटावर पडून राहिलो, वारा तोंडावर घेतला, फोनला आकाश दाखवलं, शंभर मोजले आणि मग फोटो काढला. खाली आकडे स्पष्ट आले. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले.

परतताना टेकडीवर चढलो (घराजवळ सिग्नल तिथेच मिळतो) आणि फोटो आईकडच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाकला की पुसट होतो, म्हणून फाइल करून. खाली बोलून पाठवलं, म्हणजे कानतुटीची बिरुदावलीच म्हटली. आमच्याकडे गाईची बिरुदं म्हणताना तिचा रंग, तिची आई आणि तिच्या पाण्याची जागा, तिन्ही यावं लागतं. जागा गाळली तर ते जनावर बेवारशी ठरतं. घराण्यात बिरुदं म्हणायला लग्नाला आणि मयताला मलाच उभं करतात, आणि आजवर एकही जागा मी चुकलेलो नाही. त्या आकड्यांचा राग गेला आज. पट्टीतले आकडे म्हणजे फोनने म्हटलेली बिरुदंच की.

घरच्यांना दाखवणं म्हणजे बाहेर दाखवणं नव्हे. थोरल्या मावशीने आशीर्वाद दिला. मामेबहिणीचा नवरा आसेर, शहरात टायरचं दुकान चालवतो, त्याने तर लगेच विचारलं, "दादा, ती रोज इथेच पिते का?" जावई असून किती आस्था आहे. माझ्या सख्ख्या मुलांनी बावीस वर्षांत असा एक प्रश्न विचारला नाही. मी सविस्तर सांगितलं: थंडी आहे तोवर, एकाआड एक दिवस, उजाडताना.

गुरुवार, १४ मे

मेकूपीने विचारलं, "काका, काल दुपारी मोपानेच्या झाडाखाली दोन तास रेघ थांबली होती. काही दिसलं का तिथे?"

म्हणजे तेच. गेंड्यांवर नव्हे, आमच्यावर नजर आहे. मी म्हटलं, "हो. स्वप्न."

घरी हिल्डेला सांगितलं तर बायको माझी असून मेकूपीचीच बाजू घेते. "बरं झालं. तीस वर्षं मी विचारतेय, कुठे होतास. आता कुणीतरी लिहून ठेवतंय."

हिल्डे आज रस्त्यावर रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली होती. दवाखान्याची गाडी गुरुवारी थांबते ना. म्हणाली, रिकांबुरा तिथे मोठ्या झाडाआड उभा होता, टोपी नाकापर्यंत ओढून. तिने हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं केलं.

गुरुवारी त्याची फेरी पश्चिमेला असते. मग रस्त्यावर काय करत होता?

बुधवार, २० मे

आसेरने ट्रकबरोबर तंबाखू आणि साखरेची पिशवी पाठवली. हिल्डेसाठी कापडही, जांभळं, तिच्या लांब झग्याला आणि गाईच्या शिंगांसारख्या टोपीला पुरेल एवढं. टेकडीवरून फोन केला तर म्हणाला, "दादा, तू एकटाच हिंडतोस, मला काळजी वाटते. रानात कुणीच नसतं असाही एखादा दिवस असेल ना?" मी म्हटलं, रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये असतो, पण देव असतो रानात. तो खूप हसला.

हिल्डेने कापड हातात घेऊन विचारलं, "हा माणूस लग्नानंतर नऊ वर्षांत आपल्या दारी एकदाच आला. आताच एवढं प्रेम कुठून?"

संशयी बाई.

शुक्रवार, २९ मे

हे नीट लिहायला हवं.

आज कचेरीत मेकूपी चहा करायला आत गेली तेव्हा मोठ्या पडद्यावर सगळ्यांच्या रेघा उघड्या होत्या. माझी निळी, रिकांबुराची पिवळी. त्याची रेघ दर गुरुवारी पश्चिमेची वाट सोडते, तडक रस्त्याला जाते, तिथे पाऊणेक तास थांबते आणि परत येते. सलग चार गुरुवार. शिवाय त्याच्या पायात नवे बूट आहेत. विचारलं तर म्हणाला, "बहिणीने दिले." त्याची बहीण शेळ्या राखते.

रस्त्यावर ट्रक थांबतात. ट्रकमध्ये कोण असतं कुणाला माहीत. मी मेकूपीला अजून काही बोललो नाही. आधी पक्कं करतो. आसेरला मात्र सांगितलं. मन मोकळं करायला कुणी तरी हवं. तो म्हणाला, "त्या पोरावर लक्ष ठेव, दादा. असल्यांचा भरवसा नाही." मग विचारलं, "रविवारी तरी विश्रांती घेतोस ना?"

मंगळवार, २ जून

ओमुवापूच्या झऱ्यावर माणसांचे माग.

दोघं. एकाच्या बुटाच्या तळाला चांदणीची नक्षी. दोन दिवसांचे जुने असावेत. कडा वाऱ्याने बुजायला लागल्या होत्या. मी जिथे पोटावर पडलो होतो, त्याच शेराच्या झुडपाआड ते बसले होते. फांद्या मोडून आडोसा केलेला, सिगारेटची थोटकं, बंदुकीचा दस्ता टेकवल्याची खूण. गावातला कुणी नव्हे. गावातल्याला वारा कुठून येतो ते कळतं. हे वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले होते. कानतुटीने वास घेतला असणार. तिचे माग झऱ्यापासून चाळीस पावलांवर गर्रकन वळलेत आणि पुढे लांब लांब ढांगा, शेजारी पिल्लाच्या, छोट्या. रक्त कुठे नाही. मी गुडघ्यांवर बसून दोनदा पाहिलं.

भीती वाटली. इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या आजारपणात वाटली नव्हती.

बुधवार, ३ जून

बैठक झाली. राखीव रानाच्या कमिटीचे सात जण, एक पोलीस, मेकूपी आणि आम्ही पाच. मेकूपी म्हणाली, "तीन झऱ्यांपैकी नेमका हाच आणि नेमकं तेच झुडूप. कुणीतरी जागा सांगितली."

मी उठलो आणि म्हटलं, "रिकांबुराची रेघ लावा. गुरुवारची."

सगळ्यांनी पाहिली. अध्यक्षांनी विचारलं, "रस्त्यावर काय करतोस रे?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "ते माझं खासगी आहे."

"रानाच्या वेळेत खासगी काय?"

त्याने एकदा मेकूपीकडे बघितलं, एकदा त्या सात जणांकडे, आणि तोंड मिटलं. चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर केलं, फोन काढून घेतला. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "काका, दुसऱ्याची रेघ बघता तशी कधी आपली पण बघा." मला दोन तास झोपल्याचा टोमणा मारला. अशा वेळीसुद्धा.

मी माझं कर्तव्य केलं. जेवण मात्र गेलं नाही.

सोमवार, ८ जून

सहा दिवस माग काढत होतो. आज सापडली. कुठे ते लिहितो: काळ्या खडकांच्या घळीत, जिथे माझ्या आजोबांच्या वेळेपासून पाणी झिरपतं आणि मेकूपीच्या नकाशात काहीच नाही. पिल्लू धडधाकट आहे. फोटो काढला, आकडे आले.

परवा टेकडीवर आसेरचे चार निरोप आले होते. "दादा, ती बरी आहे ना? आता कुठे पिते? मला झोप नाही." त्याला फोटो पाठवायला टाकला, पण खाली सिग्नल नाही, फोटोवर घड्याळाची खूण फिरत राहिली. टेकडीवर चढलो की आपोआप जाईल. उद्या जातो.

मंगळवार, ९ जून

गुडघा सुजला. हिल्डेने उठू दिलं नाही. उद्या.

बुधवार, १० जून



सकाळी टेकडीकडे निघालोच होतो. दारात मेकूपीचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन उभा. रिकांबुराविरुद्ध मला जे जे माहीत आहे ते तारखांसह लिहून दुपारपर्यंत पाठवा. म्हटलं, सोपं आहे, माझ्या वहीत सगळं आहे. ओसरीवर बसलो, पहिल्या पानापासून वाचायला लागलो, एका कागदावर तारखा उतरवायला लागलो.

११ मे. ती रोज इथेच पिते का?

२० मे. रानात कुणीच नसतं असाही एखादा दिवस?

२९ मे. रविवारी विश्रांती घेतोस ना?

२ जून मंगळवार. माग दोन दिवसांचे.

रविवार.

आणि गुरुवारी काय, तर रस्त्यावर दवाखान्याची गाडी. हेही माझ्याच अक्षरात लिहिलेलं. हिल्डे रांगेत होती, तो झाडाआड होता. मी वाचत होतो आणि मला वाटत होतं, हे कुणा मूर्ख माणसाने लिहिलंय, याला शेजारी बसवून कानशिलात द्यावी.

मी फोन काढला. घड्याळ अजून फिरत होतं. फोटो गेला नव्हता. टेकडी समोर दिसत होती, वीस मिनिटांवर. फोटो पुसताना बोट तीनदा चुकलं. पुसल्यावरही विश्वास बसेना, म्हणून फोन तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत घातला, झाकण दाबलं आणि डबी हिल्डेच्या हातात दिली.

ती म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, "मी सांगितलं. जागा मी सांगितली."

ती आत गेली, ते जांभळं कापड आणलं, बाहेर टाकलं आणि म्हणाली, "ऊठ. कचेरीत जा. मी येते बरोबर."

गुरुवार, ११ जून

काल कमिटीपुढे सगळं सांगितलं. वही मेकूपीपुढे ठेवली. तिने वाचली, एक पान परत मागे जाऊन वाचलं. मला वाटत होतं ती ओरडेल.

"काका," ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, बाहेर दाखवू नका."

"घराण्यात दाखवलं, पोरी. घराणं बाहेर कसं?"

अध्यक्ष, माझ्याहून म्हातारे, खाली मान घालून बसले होते. त्यांनी हळूच आपला फोन खिशात सरकवला. त्यांच्याही घराण्याचा ग्रुप आहे.

गेंड्यांच्या कामावरून मला काढलं. पाण्याचे पंप तपासायचं काम दिलं. शिक्षा कमीच झाली. संध्याकाळी टेकडीवर गेलो तर ग्रुपवर एक ओळ आलेली, आसेर ग्रुपमधून गेला.

शनिवार, १३ जून

रिकांबुराच्या घरी चालत गेलो, सतरा किलोमीटर. गाढवगाडी होती, पण बसावंसं वाटेना.

तो कुंपणाचा खांब ठोकत होता. मी म्हटलं, "मी आलोय." तो म्हणाला, "दिसतंय." आणि ठोकत राहिला. मी दुसरा खांब धरला. तो झाल्यावर तिसरा. पाचव्या खांबाला तो म्हणाला, "हात मध्ये घालू नका, काका, हातोडा घसरला तर लोक म्हणतील मुद्दाम केलं."

त्याच्या बहिणीने ओमाएरेचा, म्हणजे आमच्या आंबवलेल्या दुधाचा, कटोरा आणून दिला. आंबट, गार, घट्ट. दोन करडं विकून तिने बूट घेतले होते, हे तिनेच सांगितलं, मी न विचारता. तिलाही कळलं असणार मी काय काय बोललो ते.

मी माफी मागितली. त्याने लगेच दिली नाही. "सात माणसांपुढे उभं केलंत," एवढंच म्हणाला. मग मी निघालो तेव्हा कुंपणापर्यंत आला आणि गुरुवारचं कारण आपण होऊन सांगितलं. त्यात लाजेसारखं काही नाही, पण ते त्याचं आहे. या वहीत सगळं खरं लिहीन असं मी ठरवलं होतं. हे लिहीत नाही.

सोमवार, २२ जून

पोलिसांनी आसेरला नेलं. दुकानाच्या मागच्या खोलीत बंदूक निघाली आणि चांदणीच्या नक्षीचे बूट. मामेबहिणीने फोन करून मला काय काय म्हटलं ते ऐकून घेतलं. थोरल्या मावशीने फोन केला नाही. तेच जास्त लागलं.

रिकांबुरा कामावर परत आला. कानतुटी आता त्याच्याकडे आहे.

शनिवार, १८ जुलै

आज घराण्यात लग्न होतं. जाऊ नये असं वाटत होतं, हिल्डे म्हणाली, "तू गेला नाहीस तर ते म्हणतील तोंड लपवतोय." गेलो. अर्धे लोक बोलले, अर्धे माझ्या टोपीकडे बघत राहिले. मटण वाढताना मला मानाचा तुकडा आला नाही.

जेवणं झाल्यावर थोरल्या मावशीने काठी आपटली. "वाहेंगो, ऊठ. म्हण."

मी नवऱ्यामुलाच्या गाई म्हटल्या, नवरीच्या आजोळच्या विहिरी म्हटल्या, मेलेल्यांचे मुक्काम एकेक करून म्हटले. आवाज लागला होता. बायका मधूनमधून साथ देत होत्या, आणि मला वाटलं, चला, परत घेतलं यांनी आपल्यात.

मग मावशी म्हणाली, "आता तुझी ती म्हण. गेंडी. सगळ्यांना ऐकायचीये."

मी म्हटली. राखेच्या रंगाची, डाव्या कानाची अधुरी, झाडाला टेकून झोपणारीची लेक, वाऱ्याचं ऐकणारी. आणि थांबलो. सगळे वाट बघत होते. दीडशे माणसं, कित्येकांच्या हातात फोन, वर धरलेले.

"आणि पाणी?" मावशी म्हणाली. "पाणी कुठलं तिचं?"

"विसरलो, मावशी."

कुणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "म्हातारा झाला." दुसरी म्हणाली, "आता दुसरा बघायला हवा." मावशी माझ्याकडे बघत राहिली, तिच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही. मग तिने काठी पुन्हा आपटली आणि दुसऱ्या कुणाला तरी उठवलं. मी जाऊन हिल्डेशेजारी बसलो. ती माझ्याकडे थोडी सरकली.

परतताना पंपाजवळ रिकांबुरा भेटला, फेरी संपवून येत होता.

"दिसली," तो म्हणाला. "दोघंही."

मी कुठे ते विचारलं नाही.